फर्मागुडीचा चढ

फर्मागुडीच्या चढावर काटा
रोज त्याच वळणाला लालावर टेकायचा.
मी कडेला थांबायची.
मागे सोड्याचे बावीस क्रेट
गाडी थांबली तरी थोडा वेळ किणकिणत राहायचे.

निदानं फुकट मिळाली.
शहाळेवाला शांबा म्हणाला, रेडिएटर चोंदला.
पेट्रोल पंपावरचा पोरगा, थर्मोस्टॅट काढून फेक.
मामा म्हणाले, विकून टाक,
अठ्ठ्याण्णवची ओम्नी ती, तिच्यात आता काय राहिलंय.
मामीबद्दलही ते असंच बोलतात.

बोस्त्यांव मेस्त काहीच म्हणाला नाही.
कुर्टीला त्याच्या शेडमध्ये
त्यानं सीट उचलली, नाक खाली नेलं.
"गोड वास येना. हातूंत कूलंट ना, नुसतें उदक.
कोण घालता?"
कोणी नाही, मी म्हटलं.

तेलाची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा ओढली.
तेल काळं. दुधाळ नाही.
सायलेन्सरशी तळवा धरून हुंगला.
"हेड वांचलां."
मी श्वास सोडला, सोळा हजारांचा.

मग गाडीखाली पुठ्ठा, मिक्सरच्या खोक्याचा.
सकाळी पुठ्ठा कोरडा.
थंड गाडी गळत नाही, तो म्हणाला,
आत दाब चढला की मग बोलते.
कॅपच्या जागी त्यानं हातपंप बसवला,
सायकलीत हवा मारावी तसे दोन-चार दट्टे.
तेरा.
आम्ही दोघं बघत उभे.
बारा. साडेअकरा.
कुठेतरी जात होतं.

होज कोरडे. क्लिपा गंजलेल्या, पण घट्ट.
दाढीचा आरसा काठीला बांधून
त्यानं पट्ट्यामागे सरकवला, मला बोलावलं.
वॉटर पंपाच्या पोटाला बारीक भोक,
कडेला पांढरट-तांबूस खपली,
आणि तिच्यावर, फुगत फुगत,
एक थेंब.

मला वाटलं, फुटलंय.
"न्हय गे बाय. हो बुराक कंपनीनच दवरला."
आतलं सील गेलं
तर पाणी बेअरिंगात शिरू नये,
बाहेर यावं, कुणाला तरी दिसावं,
म्हणून मुद्दाम ठेवलेलं.
"पंप रडटा. तीन वर्सां तरी जालीं. खपली पळय."

तीन वर्षं?
काटा तर मार्चपासून चढतोय.

मार्चमध्ये रोहिदास स्विंडनला गेला,
पोर्तुगीज पासपोर्टावर, एका बॅगेत नुसती सोलं घेऊन.
त्याआधी गाडी त्याच्याच हातात.
सीटखाली लिटरची एक बाटली कायम आडवी.
एकदा बोरीच्या वाटेवर तहानेनं
मी ती घटाघटा प्यायले होते,
वर ओरडलेही, पाणी तरी बदलत जा रे, आळशा.
तो नुसता हसला होता.

रात्री फोन लावला.
"सांगितलं का नाहीस?"
"काय सांगायचं त्यात? रोज सकाळी एक बाटली.
पंपाचे अठराशे कागदपत्रांत गेले."
मग मी विचारलं, जेवण?
बरं आहे.
थंडी?
बरी आहे.
खोलीतली पोरं?
बरी आहेत गं सगळी.
आणखी दोन-चार प्रश्न मारले,
सायकलीत हवा मारावी तसे.
काटा हलला नाही.

नवा पंप बसला. आत हिरवं, गोड वासाचं कूलंट.
चढावर आता काटा मधोमध असतो
तरी त्या वळणाला पाय आपोआप सैल पडतो.
बाटली धुऊन मी सीटखालीच ठेवलीय,
भरून.